शाळा बंद, झोळी चालू : मंडणगड तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेच्या नोंदी

वाचण्याआधी थोडंसं. आमची शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी. शिक्षक दोन, मी आणि मॅडम. पट २७, घरं १९, वाड्या पाच : कोंड, वरचीवाडी, बौद्धवाडी, मोहल्ला आणि सड्यावरची, म्हणजे कातळपठारावरची, धनगरवाडी. करोनामुळे शाळा बंद असताना मुलांपर्यंत कागद पोचवायचे आणि घराघरांतली खबर एकमेकांना कळवायची, एवढंच काम होतं. पुढच्या नोंदी माझ्या वहीतल्या आहेत. इतर शाळांतले दोघे-चौघे मागत होते म्हणून जशाच्या तशा टंकल्या. शुद्धलेखन तेवढं सुधारलंय, चुका तशाच ठेवल्यात.

११ जून २०२०

वादळानंतर आज पहिल्यांदा शाळेत पोचलो. ३ तारखेला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं, पण रस्त्यावरचे आंबे-फणस कापून वाट मोकळी व्हायला आठवडा गेला. तालुक्याहून शाळा १८ किलोमीटर. तीन ठिकाणी गाडी उचलून पलीकडे न्यावी लागली.

तिसरी-चौथीच्या वर्गावरची निम्मी कौलं गेलीत. मे महिन्यात याच वर्गात मुंबईहून आलेली दोन कुटुंबं चौदा-चौदा दिवस राहून गेली. त्यांच्या चुलीचा काळा डाग कोपऱ्यात आहे, आणि फळ्यावर त्यांच्यातल्या कुणीतरी खडूने दिवस मोजलेत, बाराव्या रेघेपर्यंत. पुढचं वादळाच्या पावसाने पुसलं असावं, किंवा कंटाळले असतील. हजेरीपट कपाटात होता तरी भिजून फुगलाय.

वीज नाही, मोबाइलची रेंज नाही. सड्यावर एका कातळावर उभं राहिलं की एक कांडी येते. तिथे आधीच आठ-दहा माणसं हात वर करून उभी होती.

१५ जून

कागदोपत्री आज शाळा सुरू. वरून आदेश ऑनलाइन शिकवण्याचा. मॅडम आणि मी पाच वाड्या वाटून घेतल्या आणि दारोदार विचारत फिरलो. १९ घरांपैकी अँड्रॉइड फोन १० घरांत. त्यातले चार फोन बाप्याबरोबर मुंबईला किंवा बाहेर कामावर. उरले सहा. त्यातल्या चौघांचं रिचार्ज संपलेलं, आणि वीजच नाही तर चार्ज कुठे करणार? म्हणजे २७ मुलांसाठी चालू फोन दोन. तरी मी व्हॉट्सअॅप गट काढलाच. नाव दिलं ‘आमची शाळा’. वर हिशेब दाखवायला उपयोगी पडेल म्हणून काढला, खोटं कशाला सांगू.

३० जून

वीज तेविसाव्या दिवशी, २६ तारखेला आली. धनगरवाडीत अजून नाही.

दोन आठवडे साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल करून पाहिला. एका वेळी पाच जणांना जोडता येतं. पाच मुलांना जोडायला वीस मिनिटं जातात, तेवढ्यात पहिला सुटतो. ज्यांच्याकडे फोन आहे ती मुलं लाऊडस्पीकरवर ठेवून ओरडतात, मागे कोंबडे आरवतात, आणि कुणाची तरी आजी मध्येच विचारते, “गुर्जी, शाळा कदी उघडताय?” बेरजेचं एक गणित सांगायला पाऊण तास. पंधरा दिवसांत सहा कॉल झाले, आणि सहाही कॉलला तीच चार मुलं होती. बंद केलं.

हे करू नका असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे रेंज असेल तर करा.

३ जुलै, शुक्रवार

कागद पाठवायचे ठरवलं. प्रत्येक वाडीला एक पिशवी. ती वाडीतल्या एका ठरलेल्या जागी टांगायची, मुलं आपापला कागद घेतील, पुढच्या शुक्रवारी भरून त्याच पिशवीत टाकतील. पिशवीला मुलं झोळी म्हणू लागली, आम्हीही.

जागा अशा : कोंडात दुकानाची पडवी, वरच्यावाडीत अंगणवाडीच्या खिडकीचा गज, बौद्धवाडीत विहाराचा ओटा, मोहल्ल्यात एका घराचा जिना, धनगरवाडीत गोठ्याचा खांब.

खर्च : मांजरपाटाच्या पाच पिशव्या शिवून ३०० रुपये. स्वाध्यायाची दोन-दोन पानं, २७ मुलं, ५४ पानं. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढली.

१० जुलै

२७ पैकी ६ जणांचे कागद परत आले. आणि जे आले ते वाचता येत नाहीत.

चूक एक. मांजरपाट पावसात टिपकागदासारखा वागतो. कोकणात राहून हे मला सुचू नये याची लाज वाटली. चूक दोन. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते. धनगरवाडीची झोळी उघडली तर आत फिक्या निळ्या रंगाचा लगदा. झेरॉक्सची शाई विरघळत नाही, कारण ती पूड असते आणि उष्णतेने कागदावर वितळून बसते. तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याने हे मला सांगितलं तेव्हा माझी पाचशेची शाई संपली होती. चूक तीन. मुलांना जेल पेन दिली होती. तीही ओघळली. शिसपेन्सिलच चांगली.

चौथं कारण पाण्याचं नाही. लावणी चालू आहे. मुलं चिखलात रोपांच्या जुड्या फेकायला जातात, संध्याकाळी भात खाता खाता झोपतात. ‘खालील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा’ यासाठी कोण जागं राहील?

१७ जुलै

दुसरा प्रयत्न प्लॅस्टिकच्या पिशवीचा. वरून थेंब आत गेला नाही, पण आत वाफ धरून कागद ओलसर झाले. तिसऱ्या दिवशी बुरशी. तोंड बंद करू नये हे कळलं.

आता तिसरा, आणि हा टिकेल असं वाटतंय. जुना फ्लेक्स. कुणाच्या तरी वाढदिवसाचा मोठा फलक वादळात फाटून ओढ्यात पडला होता, तो धुऊन घेतला. तालुक्यातल्या टेलरने आधी नाही म्हटलं, सुई तुटते. मग जाड सुई लावून एका झोळीचे ४० रुपये घेतले. सहा शिवल्या, २४० रुपये, एक जादा. वरची झडप वीतभर खाली येईल अशी ठेवली आणि तळाला दोन भोकं, वाफ जायला. छापील बाजू बाहेर आली आहे, त्यामुळे वरच्यावाडीच्या झोळीवर कुणाचं तरी अर्धं हसू आहे.

पण आजची खरी नोंद वेगळी आहे. गेल्या आठवड्यात आलेल्या सहा कागदांपैकी एक दुसरीतल्या मुलीचा होता, धनगरवाडीतला. पुढची बाजू लगदा झालेली, मागे पेन्सिलीने लिहिलेलं मात्र शाबूत : ‘आमची म्हैस व्यायली. रेडी झाली. कोणाला सांगू.’

मॅडमनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, “सर, हिला सगळ्यांना सांगायचंय.” आजच्या झोळीत स्वाध्यायाबरोबर एक जादा पान घातलं. पानभर मोठ्या अक्षरात पाच बातम्या. वर म्हशीची. खाली मोहल्ल्यातल्या चौथीच्या मुलाची, त्याचे अब्बा कुवेतहून विमानाने आले आणि सात दिवस मुंबईत हॉटेलात अडकून मग घरी पोचले. बाकी आम्हीच फिरताना ऐकलेल्या. शाळेची कौलं कोण चढवतंय, बौद्धवाडीतल्या विहिरीत काय पडलं वगैरे. नाव काय द्यावं सुचेना. वर ‘झोळीतली खबर, अंक १’ लिहिलं.

२४ जुलै

२७ पैकी १९ कागद परत. त्यातल्या चौदांच्या मागे बातम्या.

कोंडातली एक आजी वाटेत भेटली. “गुर्जी, बसा वाईच. ती म्हशीची बातमी नातवानं तीनदा वाचून दाखवली. रेडीचं नाव काय ठेवलंय त्यांनी?” आम्ही इतके दिवस वाचन कसं घ्यायचं यावर डोकं फोडत होतो. ज्या घरात मोठ्यांना वाचता येत नाही तिथे पोर वाचतं आणि घर ऐकतं. पोर अडखळलं की घर थांबतं, कारण त्यांना पुढचं ऐकायचं असतं.

२० तारखेपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायला लागलंय, पहिली ते आठवीसाठी. चांगलं आहे. आमच्या सात घरांत टीव्ही आहे. पाऊस लागला की वीज जाते. पण मुलांनी त्यावरून बातमी केली : ‘टीव्हीतल्या ताईने आम्हाला कागदाची होडी शिकवली. लाइट गेली. अर्धी होडी झाली.’

३१ जुलै

बसलेली पद्धत लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल.

पान एकच, दोन्ही बाजूंनी. एका बातमीला जास्तीत जास्त तीन वाक्यं. वरच्या चौकटीत पहिलीसाठी एक ओळ, जोडाक्षर नसलेली. पहिलीच्या सहा मुलांनी शाळा आतून पाहिलेलीच नाही, त्यांना अक्षरओळख घरीच व्हायची आहे. म्हणून ‘बाबा गावी आला.’ ‘आमची गाय हरवली.’ अशी खऱ्या बातमीचीच ओळ. मॅडमचा या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ जातो. ‘भात लावून झालं’ हे वाक्य त्यांनी बाद केलं, कारण ‘झालं’वरच्या अनुस्वाराला मुलं दचकतात म्हणे. मी वाद घातला नाही.

गणितही त्याच पानावरून. ‘वरच्यावाडीत भाताच्या एका कुणग्याला ४० जुड्या लागल्या. असे सहा कुणगे आहेत.’ हे सोडवून येतं. विरुद्धार्थी शब्द अजूनही कोरे येतात.

कागद परत आले की पत्र्याच्या पेटीत तीन दिवस बंद. चौथ्या दिवशी उघडायचे. गरज किती ते माहीत नाही, पण मॅडमच्या घरी सासूबाई आजारी असतात, त्यामुळे हा नियम मोडायचा नाही.

आठवड्याचा खर्च : झेरॉक्स ७३ पानं, दीड रुपयाने ११० रुपये. पेट्रोल एक लिटर, सत्याऐंशीच्या आसपास. निम्मे मी, निम्मे मॅडम. वेळ : शुक्रवारचा पूर्ण दिवस, आणि अंक लिहायला गुरुवारची रात्र.

उद्या बकरी ईद. मोहल्ल्यातून आधीच बातमी आली आहे की शीरखुर्मा याच्यात नाही करत, तो त्या ईदला. गेल्या अंकात मी चुकीचं लिहिलं होतं.

१४ ऑगस्ट

पोषण आहाराचा कोरडा शिधा वाटला. दिवसाला १०० ग्रॅम तांदळाच्या हिशेबाने पालकांना बोलावून. अंगणात चुन्याची वर्तुळं आखली. पहिल्या सरीत चुना वाहून गेला आणि मग सगळे छत्र्यांखाली दाटीवाटीने, जे टाळायचं होतं तेच. पुढच्या वेळी वाडीवार वेळ दिली.

वजनकाटा २०० ग्रॅम कमी दाखवत होता हे अकराव्या घराला कळलं. आधीच्या दहांना जास्त गेलं. तूट आमच्या दोघांच्या खिशातून. बोनस बातमी म्हणून ती छापा असं चौथीच्या पोरांनी सुचवलं. छापली.

२१ ऑगस्ट

अंक ६. उद्या गणपती. चाकरमानी आलेत, दहा दिवस वेगळं राहायच्या अटीवर. सगळ्या वाड्यांतून भरभरून बातम्या. आजवरचा सगळ्यात चांगला अंक.

२५ ऑगस्ट

तो सगळ्यात वाईट अंक होता.

कोंडातल्या तिसरीच्या मुलाने लिहिलं होतं : ‘माझे बाबा मुंबईहून गणपतीला आले. ते पडवीत वेगळे झोपतात. त्यांना खोकला आहे. आई ताट लांबून सरकवते.’ अक्षर सुंदर. चार वाक्यं असूनही मी एकही कापलं नाही. गुरुवारी रात्री अकराला मी ते वाचून ‘वा’ म्हटलं आणि पुढे गेलो, एवढंच मला आठवतं.

शनिवारी त्या घरी आरतीला कुणी गेलं नाही. दुधाचा रतीब थांबला. दुकानदाराने सामान कुंपणाच्या गडग्यावर ठेवायला सांगितलं आणि पैसेही तिथेच ठेवा म्हणाला. रविवारी करोनासाठी नेमलेल्या ग्राम कृती दलाची माणसं दारात. बापाला तालुक्याला नेऊन तपासणी केली. काही निघालं नाही, साधी सर्दी. पण तोवर गणपती घरात एकटा बसला होता.

काल मी गेलो. मुलगा माळ्यावर चढून बसला होता, खाली आला नाही. त्याची आई उंबऱ्याच्या आत, मी अंगणात. ती म्हणाली, “गुर्जी, पोराच्या हातानं आमच्याच घरावर धोंडा मारून घेतलात.” मी माफी मागितली. तिने चहा विचारला नाही. कोकणात घरी आलेल्या गुरुजींना चहा न विचारणं म्हणजे काय, ते इथल्यांना सांगायला नको.

अंक थांबवले.

९ सप्टेंबर

दोन आठवडे झोळीत फक्त स्वाध्याय गेले. परतीचे कागद १९वरून ११वर आले. मॅडम म्हणाल्या, “बंद करायचं की नीट करायचं, ते ठरवा. मधलं काही नको.” शाळा व्यवस्थापन समितीच्या चार सदस्यांना शाळेच्या अंगणात बोलावलं. एकाचं म्हणणं, कशाला नसत्या भानगडी. मोहल्ल्यातल्या एक सदस्य होत्या, त्या म्हणाल्या, “आमच्याकडे पोरं शुक्रवारी जिन्यावर बसून राहतात. त्यांना काय सांगू?”

ठरलं ते असं. आजार, औषध, कोण कुठून आलं, कोण कुठे वेगळं राहतंय यातलं काही छापायचं नाही, घरच्या मोठ्या माणसाने स्वतः सांगितल्याशिवाय. मूल लिहील ते सगळं, अगदी म्हशीचंसुद्धा, छापण्याआधी घरी विचारायचं. कर्ज, भांडण, दारू नाही. अंक लिहून झाला की दुसऱ्याने वाचायचा, लिहिणाऱ्याने पास करायचा नाही.

या नियमांमुळे गुरुवारी संध्याकाळी पंधरा-वीस फोन करावे लागतात. सव्वा तास जातो. जाऊ दे.

अंक ७ परवा निघेल. पहिल्या चौकटीत माझं नाव घालून माफी. कुणाच्या घराचा उल्लेख न करता. ती लिहायला तीन वेळा कागद फाडला.

२८ सप्टेंबर

१५ तारखेपासून ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’चं सर्वेक्षण. आशाताईंबरोबर मीही. हातात तापमापक आणि बोटाला लावायचं ऑक्सिमीटर. आता अडचण अशी, की शुक्रवारी झोळी घेऊन येणारा आणि सोमवारी ताप मोजायला येणारा माणूस एकच. धनगरवाडीत मला बघून दोन घरांची दारं लागली. एक मुलगा खिडकीतून ओरडला, “गुरुजी, आज झोळी आहे की मशीन?”

उपाय साधा निघाला. झोळीच्या दिवशी डोक्यावर निळी टोपी, सर्वेक्षणाला बिनटोपी. पोरांनीच ठरवलं. हसू आलं, पण दारं उघडली.

३० ऑक्टोबर

प्रिंटर गेला. दुरुस्तीला १,८०० सांगितले, नाही केला. आता मूळ प्रत हाताने काढतो, काळ्या बॉलपेनने, आणि झेरॉक्स. हाताने काढल्यावर अंक जास्त वाचला जातो असं मॅडमचं निरीक्षण. छापील दिसलं की मोठी माणसं ते शासनाचं पत्रक समजतात.

प्रत्येक वाडीत एक बातमीदार नेमला, चौथीतला. नऊ जण आहेत, त्यामुळे पाळी लावली. घरी विचारायचं काम आता ती करतात आणि कागदाच्या कोपऱ्यात घरच्याची सही किंवा अंगठा आणतात. माझा सव्वा तास वाचला. पहिल्याच आठवड्यात एकीने आईची सही स्वतःच ठोकली. ‘आई’ असंच लिहिलं होतं, त्यामुळे पकडली गेली.

कोंडातला तो मुलगा स्वाध्याय दर आठवड्याला पूर्ण करून पाठवतो. मागची बाजू कोरी.

२० नोव्हेंबर

दिवाळी अंक झाला, चार पानांचा. किल्ल्यांची चित्रं मुलांनी काढली. झेरॉक्समध्ये रंग गेले आणि सगळे किल्ले राखेचे दिसायला लागले. मग १९ प्रती मोठ्या मुलांनी हाताने रंगवल्या. एकाच खडूपेटीतला हिरवा संपल्यामुळे बौद्धवाडीच्या प्रतींत रायगड जांभळा आहे.

यापुढे पंधरा दिवसांनी एक. दर आठवड्याला झेपत नाही.

२७ जानेवारी २०२१

पाचवी ते आठवी आज उघडली. आमची चौथीपर्यंत, म्हणून बंदच. शेजारच्या गावच्या शाळेत जाणाऱ्या दादा-ताईंना पोचवायला आमची पोरं फाट्यापर्यंत गेली आणि परत येताना आमच्या शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसली. अकरा जण. मी पोचलो तेव्हा पहिलीतली एक मुलगी खिडकीला नाक लावून आतले बाक मोजत होती.

१९ एप्रिल

बरेच दिवस काही लिहिलं नाही. ३ तारखेला परीक्षेविना सगळी मुलं वरच्या वर्गात गेल्याचं जाहीर झालं. १४ तारखेपासून पुन्हा सगळं बंद. माझी नेमणूक नाक्यावर, गाड्यांची नोंद ठेवायला. अंक २७ मॅडमनी एकटीने काढला, झोळ्या दहावीतल्या दोन मुलांनी पोचवल्या.

२८ एप्रिल

मला ताप. तपासणी पॉझिटिव्ह. वरच्या खोलीत वेगळा आहे. ऑक्सिजन ९५-९६, ठीक आहे.

आज दुपारी चौथीतल्या बातमीदार मुलीचा फोन आला. वरच्यावाडीची आहे. म्हणाली, “गुरुजी, अंक २८ करतोय. एक विचारायचंय. तुमची बातमी टाकू का?”

मी गप्प बसलो. खाली राहणारे घरमालक, समोरचं किराणा दुकान, बायको रोज जिथून भाजी आणते ती बाई, हे सगळे डोळ्यांसमोरून गेले. पोरीने वाट पाहिली. मग म्हणाली, “नको असेल तर राहू दे गुरुजी. नियम आहे.” मी तिला उद्या सांगतो म्हटलं.

२९ एप्रिल

टाक म्हणालो. तिने फोनवरच लिहून वाचून दाखवलं : ‘गुरुजींना करोना झाला आहे. ते वरच्या खोलीत आहेत. त्यांना पेज आवडत नाही पण तीच मिळते.’ पेजेचं मी सांगितलं नव्हतं. बायकोने सांगितलं असणार.

१७ मे

बरा आहे, जिना चढताना दम लागतो. काल तौक्ते वादळ गेलं. निसर्गपेक्षा कमी नुकसान आमच्याकडे, पण नवी कौलं पुन्हा सरकलीत.

अंक २९मध्ये मॅडमनी एक चौकट काळ्या रेघेत ठेवली. वरच्यावाडीतल्या एक आजी गेल्या, तालुक्याच्या बाहेरच्या दवाखान्यात. अंत्यविधीला दोनच माणसं होती. घरच्यांनी स्वतः बातमीदाराला बोलावून सांगितलं, छापा म्हणाले, कारण कुणाला भेटायलाच येता आलं नाही. आजाराचा शब्द नाही. ‘आजीने वाडीतल्या नऊ बाळांची दुपटी शिवली’ आणि त्या नऊ जणांची नावं. मोठी झालेली बाळंही त्यात आहेत. एक तर समितीचे सदस्य आहेत, बावन्न वर्षांचे. त्यांनी ते पान घरात लावलंय.

३० जुलै

चौथीची नऊ मुलं निरोप समारंभ न होता गेली. जूनच्या अंकात नऊ जणांना एकेक ओळ दिली होती.

२२ तारखेच्या पुरात महाड बुडालं. आमच्या झेरॉक्सवाल्याचा कागद तिकडून यायचा, त्यामुळे अंक ३३ची एकही प्रत निघाली नाही. मग पाच प्रती हाताने, वाडीला एक. घरोघर फिरवून वाचली. याने बरं झालं की वाईट, सांगता येत नाही. दोन प्रती अजून फिरतायत.

पेट्रोल शंभरीपार गेलंय.

१ डिसेंबर २०२१

पहिली ते चौथी उघडली. पट आता २४.

दुसरीच्या सहा मुलांचा हा शाळेतला पहिला दिवस. त्यांना वाचता येतं, पण बाकावर किती वेळ बसायचं हे माहीत नाही. एक जण दहा वाजता दप्तर घेऊन घरी निघाला. लिहून झालं म्हणे. हात वर करून विचारायचं कुणालाच ठाऊक नाही. धनगरवाडीतली ती म्हशीवाली चौथीत असेल असं मी धरून चाललो होतो, तिसरीतच आहे. या दोन वर्षांनी माझा हिशेब बिघडवलाय.

कोंडातला मुलगा आता चौथीत. दुसऱ्या बाकावर बसला. मी काही विचारलं नाही.

जमाखर्च : अंक ४०. झोळ्या, टेलर, वाया गेलेला मांजरपाट धरून ५४०. झेरॉक्स साधारण ४,६००. पेट्रोल धरलं नाही, धरवत नाही. एक अनुदान मागितलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. मोहल्ल्यातल्या एका पालकाने कुवेतला परत जाताना दोन रिम कागद दिले.

फ्लेक्सच्या सहा झोळ्यांपैकी चार शाळेत आहेत. एकीत खडू, एकीत क्रिकेटचे स्टंप. पाचवी धनगरवाडीत, तिच्यात आता म्हशीचं पेंड असतं. बौद्धवाडीची परत आली नाही. काल फाट्यावर एका सायकलच्या सीटवर बांधलेली दिसली, वरचं अर्धं हसू शाबूत. म्हणजे ती वरच्यावाडीची होती. कधी बदलल्या गेल्या, कुणालाच माहीत नाही.